विश्लेषण : ‘स्टीव्ह’ला खेळू द्यायचे की नाही? एका ताकदवान पात्रावरील बंदीचा वाद नेमका काय आहे?

गेममधील एखादे पात्र बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच भारी निघाले, तर मित्रांच्या घोळक्यात उत्तर सोपे असते. ‘तू तो घ्यायचा नाहीस,’ असे सांगून विषय संपतो. पण प्रवेश शुल्क भरून, विमानाचे तिकीट काढून शेकडो खेळाडू ज्या स्पर्धेला येतात, तिथे असे भागत नाही. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या निन्टेंडोच्या फायटिंग गेममध्ये स्टीव्ह नावाच्या पात्रावरून नेमका हाच वाद गेली काही वर्षे सुरू आहे. काही ठिकाणी त्याच्यावर बंदी आहे, बहुतेक मोठ्या स्पर्धांमध्ये तो चालतो. वाद एका पात्राचा असला, तरी ‘खेळाचा नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा आणि तो कधी वापरायचा’ हा प्रश्न त्यापेक्षा मोठा आहे.

स्टीव्ह कोण आहे?

‘माइनक्राफ्ट’ खेळलेल्या कोणालाही चौकोनी डोक्याचा, निळ्या शर्टातला स्टीव्ह माहीत असतो. ‘स्मॅश’ या मालिकेत मारिओ, पिकाचू, लिंक अशी वेगवेगळ्या गेममधील पात्रे एकमेकांशी भिडतात आणि प्रतिस्पर्ध्याला मंचाबाहेर फेकणे हे उद्दिष्ट असते. ‘अल्टिमेट’ ही आवृत्ती डिसेंबर २०१८मध्ये ‘स्विच’वर आली. त्यात ८०हून अधिक पात्रे आहेत. स्टीव्ह सुरुवातीपासून नव्हता. ऑक्टोबर २०२०मध्ये तो पैसे भरून घ्यायच्या अतिरिक्त पात्रांपैकी एक म्हणून दाखल झाला.

त्याला गेममध्ये बसवणेच अवघड होते. स्टीव्ह हवेत ब्लॉक ठेवतो आणि त्यावर उभा राहतो. त्यासाठी गेममधील प्रत्येक मंचात बदल करावे लागले, असे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी तेव्हा सांगितले होते. म्हणजे एका पात्रासाठी गेमचा पायाच थोडा हलवला गेला होता.

तो इतका भारी का ठरतो?

बाकीची पात्रे लढायला सुरुवात करतात तेव्हा स्टीव्ह खणायला सुरुवात करतो. जमीन खणून त्याला लाकूड, दगड, लोखंड, सोने, हिरा मिळतो. क्राफ्टिंग टेबलाजवळ उभे राहून तो या साहित्यातून हत्यारे बनवतो. सोन्याचे हत्यार झपाट्याने चालते, हिऱ्याचे जोरात लागते. शिवाय वरून टाकायची ऐरण, रुळावरची खाणगाडी, स्फोटके आणि वाट अडवणारे ब्लॉक आहेतच.

यातून एक विचित्र परिस्थिती तयार होते. वेळ जितका जाईल, तितका स्टीव्ह श्रीमंत होतो. त्यामुळे त्याला हल्ला करण्याची घाई नसते, घाई समोरच्याला असते. समोरचा धावून आला की वाटेत ब्लॉक आणि ब्लॉक फोडायला गेला की तोंडावर हल्ला. मागे मंचाबाहेर ढकलले तरी ब्लॉक ठेवून परतायचा रस्ता तो स्वतःच बांधतो.

त्याच्या उणिवाही आहेत. त्याची उडी बेताची आहे. साहित्य संपले की त्याची धार जाते, हत्यार मोडले की पुन्हा टेबल गाठावे लागते. पण पट्टीचा खेळाडू असेल तर या उणिवा सहसा उघड्या पडत नाहीत. जपानचा अकोला हा त्याचे ठळक उदाहरण. नाव वाचून विदर्भातले शहर आठवेल, पण हे त्या खेळाडूचे टोपणनाव आहे. स्टीव्ह खेळूनच तो जगातील अव्वल खेळाडूंमध्ये गणला जातो.

वाद पेटला कशामुळे?

स्टीव्ह ताकदवान आहे हे सुरुवातीपासून दिसत होते. पण २०२२च्या अखेरीस ‘पीएमएलजी’ या नावाने ओळखली जाणारी एक युक्ती चर्चेत आली आणि वाद पेटला.

फायटिंग गेममध्ये फटका बसला की पात्र काही क्षण हतबल होते. त्या क्षणांत बटण दाबून उपयोग नसतो. हल्ला करणाऱ्याला त्याच्या कौशल्याचा मोबदला मिळतो तो याच क्षणांत, कारण तेव्हाच तो पुढचा फटका जोडतो. नेमक्या वेळी ब्लॉक ठेवला तर स्टीव्ह या अवस्थेतून अपेक्षेपेक्षा आधीच सुटू शकतो, असे लक्षात आले. मार खाल्लेला मोकळा आणि मारणारा अजून आपल्या हल्ल्याच्या हालचालीत अडकलेला, असा उलटा प्रकार त्यामुळे घडू लागला. इतर कोणत्याही पात्राकडे ही सोय नाही.

त्यानंतर काही ठिकाणच्या स्थानिक स्पर्धांनी स्टीव्हवर थेट बंदी घातली. ‘युक्तीवर बंदी घाला, पात्रावर नको’ असे म्हणणारे होते, तसेच ‘काहीच करू नका, उत्तर सापडेल’ म्हणणारेही होते. मोठ्या स्पर्धांनी बहुतांशी त्याला खेळू दिले.

कंपनी दुरुस्ती का करत नाही?

आजकाल असे वाद बहुतेक वेळा कंपनीच मिटवते. ‘टेकेन ७’मध्ये डिसेंबर २०१९ला लेरॉय स्मिथ हे पात्र आले. जानेवारी २०२०मध्ये झालेल्या ‘इव्हो जपान’ स्पर्धेत शेवटच्या आठ खेळाडूंपैकी सहा जण लेरॉय घेऊन उतरले होते. प्रेक्षक वैतागले, कंपनीने पुढच्या अपडेटमध्ये त्याची ताकद कमी केली, विषय संपला.

‘अल्टिमेट’मध्ये ती वाट बंद आहे. पात्रांचा समतोल साधणारे शेवटचे अपडेट २०२१च्या अखेरीस आले. साकुराईंचा चमू त्यानंतर या गेममधून बाजूला झाला. म्हणजे पीएमएलजीची बोंब झाली तेव्हा दुरुस्ती करणारे दुकान वर्षभर आधीच बंद झाले होते.

दुसरी अडचण कारभाराची. या गेमच्या बहुतेक स्पर्धा चाहत्यांनीच उभ्या केल्या आहेत. निन्टेंडोने ऑक्टोबर २०२३मध्ये अशा स्पर्धांसाठी मार्गदर्शक नियम जाहीर केले. प्रत्यक्ष स्पर्धेत २०० आणि ऑनलाइन स्पर्धेत ३०० खेळाडूंची मर्यादा, त्याहून मोठ्या स्पर्धेसाठी परवाना, असे त्यांचे स्वरूप होते. पण कोणते पात्र चालेल, कोणते नाही, हे सर्वांसाठी ठरवणारी मध्यवर्ती संघटना नाही. क्रिकेटमध्ये आयसीसी आहे, इथे प्रत्येक आयोजक हाच आपापल्या मैदानाचा आयसीसी आहे.

बंदी हवी म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद काय?

पहिला मुद्दा असा, की स्पर्धात्मक ‘स्मॅश’ मुळातच बदललेला गेम आहे. आकाशातून पडणारी शस्त्रे स्पर्धेत बंद ठेवली जातात. शंभराहून अधिक मंच असले तरी मोजकेच वापरले जातात. गल्ली क्रिकेटमध्ये जागा कमी म्हणून ‘वन टप आउट’ येते, तसाच हा प्रकार आहे. खेळ चुरशीचा व्हावा म्हणून मंच वगळता येत असेल, तर पात्र का नाही?

दुसरा मुद्दा माणसांचा आहे. स्थानिक स्पर्धा म्हणजे आठवड्याच्या एका संध्याकाळी, दिवसभराचे काम उरकून येणारे तीस-चाळीस लोक. त्यांना बक्षिसापेक्षा चांगल्या लढती हव्या असतात. स्टीव्हविरुद्धची लांबत जाणारी, वाट पाहायला लावणारी लढत त्यांना नको असेल, तर ते भांडत बसत नाहीत, यायचे थांबतात. लोकच आले नाहीत तर नियम कितीही शुद्ध असून उपयोग काय?

मोठ्या मंचावरही याची चुणूक दिसली आहे. २०१८च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या ‘इव्हो’ स्पर्धेत आधीच्या आवृत्तीची अंतिम लढत झाली, तेव्हा दोन्ही खेळाडूंनी बायोनेटा हे एकच बदनाम पात्र निवडले होते. जगज्जेतेपदासारख्या त्या सामन्यात प्रेक्षकांनी चक्क हुर्यो उडवली.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय?

‘कंटाळवाणे’ आणि ‘अन्यायकारक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा. स्टीव्ह स्पर्धा जिंकतो, पण प्रत्येक स्पर्धा तोच जिंकतो असे नाही. इतर पात्रांचे खेळाडूही मोठी विजेतेपदे मिळवत आले आहेत. जे हरवता येते, त्यावर बंदी कशाला?

शिवाय बंदीची किंमत कोणीतरी मोजतो. एखाद्या पात्रावर प्रभुत्व मिळवायला हजारो तास लागतात. पैसे भरून घेतलेल्या, कंपनीने अधिकृतपणे दिलेल्या पात्रावर ज्याने दोन-तीन वर्षे घालवली, त्याने कोणताही नियम मोडलेला नाही. एका रात्रीत त्याची मेहनत पाण्यात घालवायची असेल, तर कारणही तेवढेच वजनदार हवे.

आणि आज स्टीव्ह, तर उद्या कोण? वरचे पात्र काढले की दुसऱ्या क्रमांकावरचे वर येते, लगेच त्याच्या नावाने ओरड सुरू होते. ‘लोकांना आवडत नाही’ हा निकष एकदा मान्य केला, की यादीला अंत उरत नाही.

याआधी असे काय घडले?

या वादाला तीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील तीन उदाहरणे इथे कामाची आहेत.

पहिले अकुमाचे. १९९४च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’मध्ये कॅपकॉमने हे छुपे पात्र ठेवले. हवेतून तिरकस खाली फेकलेल्या त्याच्या अग्निगोळ्यांना बाकीच्या पात्रांकडे उत्तरच नव्हते. आर्केड मशिनच्या त्या जमान्यात अपडेट हा प्रकार नव्हता. अमेरिकी स्पर्धांनी अकुमावर सरळ बंदी घातली, जपानी खेळाडूंनी सामंजस्याने त्याला बाजूला ठेवले. त्या बंदीवर आजही कोणी फारसे भांडत नाही, कारण अकुमा असेल तर दुसरे पात्र घेण्यात अर्थच उरत नव्हता.

दुसरे मेटा नाइटचे, आणि ते अधिक बोलके आहे. २००८च्या ‘स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’मध्ये हे पात्र सर्वांत वरचढ ठरले. आधी त्याच्या एका अतिरेकी युक्तीवर बंदी आली, मग मंचाची कडा किती वेळा पकडायची यावर मर्यादा आली. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत. अखेर अमेरिकेतील आयोजकांनी समान नियमांसाठी नेमलेल्या समितीने २०११मध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी जाहीर केली. जानेवारी २०१२मधील ‘अपेक्स’ या मोठ्या स्पर्धेनंतर ती लागू व्हायची होती. पण २०१२मध्येच ती समिती विसर्जित झाली आणि बंदीही विरघळली. २०१३च्या ‘अपेक्स’मध्ये मेटा नाइट पुन्हा मैदानात होता. गंमत म्हणजे ती स्पर्धा सेलम या खेळाडूने झिरो सूट सॅमस हे पात्र घेऊन जिंकली.

तिसरे हिरोचे. ‘अल्टिमेट’मध्येच २०१९च्या जुलैत हिरो आला. त्याची जादू नशिबाच्या फाशांवर चालते आणि मंत्रांची यादी पडद्यावर शब्दांत दिसते. समोरच्याने वेगळी भाषा निवडली असेल तर ती वाचता येत नाही. काही आठवड्यांतच दक्षिण ऑस्ट्रेलियातील आयोजकांनी त्याच्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षांत मात्र हिरोने मोठ्या स्पर्धा काबीज केल्या, असे काही झाले नाही.

म्हणजे एक बंदी योग्य आणि टिकाऊ, एक कदाचित योग्य पण राबवणारे हातच नाहीसे झालेली, आणि एक घाईची.

‘लीग ऑफ लेजंड्स’सारखी पद्धत का नको?

‘लीग ऑफ लेजंड्स’ किंवा ‘डोटा २’मध्ये सामन्याआधी दोन्ही संघ काही पात्रे बाद करतात. ‘लीग’मध्ये प्रत्येक संघाला अशी पाच पात्रे वगळता येतात. स्टीव्हसाठीही हेच करा, अशी सूचना अधूनमधून येते.

पण तिथे पाच जणांचा संघ असतो आणि खेळाडूंना अनेक पात्रे तयार ठेवावीच लागतात. ‘स्मॅश’मध्ये एकास एक लढत असते आणि बहुतेक जण एकाच पात्रावर आयुष्य काढतात. एक पात्र बाद करण्याची मुभा दिली, तर प्रत्येक जण समोरच्याचे हुकमी पात्रच बाद करेल. आजारापेक्षा औषध भारी पडेल.

मग निकष कोणते लावायचे?

गेम डिझायनर डेव्हिड सर्लिन यांनी स्पर्धात्मक खेळावरील लेखनात बंदीसाठी तीन कसोट्या मांडल्या आहेत. बंदी राबवता आली पाहिजे, कशावर बंदी आहे हे निःसंदिग्ध असले पाहिजे आणि तिची खरोखर गरज असली पाहिजे.

स्टीव्हला या कसोट्या लावून पाहू. केवळ पीएमएलजीवर बंदी घालणे ऐकायला समंजस वाटते, पण ती पहिल्याच कसोटीवर अडखळते. गेम सेकंदाला ६० चौकटी दाखवतो. अमुक ब्लॉक युक्ती म्हणून ठेवला की नेहमीसारखा, हे त्या वेगात पंच कसे ठरवणार? तीच हालचाल खेळाडूकडून अनवधानानेही होऊ शकते. प्रत्येक सामन्याचे चित्रीकरण थांबवून तपासायचे, तर स्पर्धा सोमवारीही संपणार नाही. उलट पूर्ण पात्रावर बंदी राबवणे सोपे आहे. पात्र निवडीच्या पडद्यावरच निकाल लागतो.

खरा प्रश्न तिसऱ्या कसोटीचा, गरजेचा आहे. इथे अकुमाचे माप हाताशी आहे. स्टीव्ह असताना दुसरे पात्र घेण्यात अर्थ उरला आहे का? आजवरच्या मोठ्या स्पर्धांचे निकाल पाहता उत्तर ‘हो, उरला आहे’ असेच आहे. अव्वल खेळाडूंनी आपापली पात्रे सोडून सरसकट स्टीव्ह धरलेला नाही. लेरॉयच्या वेळी सहा जण एकाच पात्राकडे धावले, तशी धाव इथे दिसत नाही. त्यामुळे मोठ्या स्पर्धांत स्टीव्हवर पूर्ण बंदी घालण्याइतका पुरावा आज नाही, हेच मान्य करावे लागते.

मग स्थानिक बंदीत वाईट काय?

आपल्या हॉलमध्ये काय चालवायचे हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक आयोजकाला आहेच. पण अशा तुकड्या-तुकड्यांच्या बंदीचा एक तोटा सहज लक्षात येत नाही.

समजा, एखाद्या शहरात स्टीव्हवर बंदी आहे. तिथले खेळाडू वर्षभर त्याच्याशी खेळत नाहीत. मग ते मोठ्या स्पर्धेला जातात, जिथे स्टीव्ह चालतो. ब्लॉक कधी फोडायचा, टेबलापासून त्याला कसे तोडायचे, खणत असताना किती जवळ जायचे, हे सरावानेच कळते आणि तो सराव त्यांना मिळालेला नसतो. ते हरतात. ‘बघा, स्टीव्ह किती अन्यायकारक आहे,’ ही भावना घट्ट होते आणि आणखी एका शहरात बंदी येते. ज्या संकटावर उपाय म्हणून बंदी आणली, तेच संकट तिने मोठे केलेले असते.

दुसरीकडे, बंदी असलेल्या शहरातला स्टीव्हचा खेळाडू घरच्या स्पर्धेत नवखे पात्र घेऊन हरतो आणि बाहेर आपल्या पात्राने खेळतो. त्याचे खरे स्थान कुठे, हे कोणत्याच क्रमवारीला नीट सांगता येत नाही.

निर्णय कोणी आणि कसा घ्यावा?

उत्तर पोकेमॉनच्या चाहत्यांकडे पाहून मिळू शकते. ‘स्मोगॉन’ या ऑनलाइन समुदायाने पोकेमॉन लढतींसाठी स्वतःची नियमव्यवस्था उभी केली आहे. एखादा पोकेमॉन जास्त भारी वाटला, तर त्याची चाचणी जाहीर होते. त्या काळात खेळून ठरावीक रेटिंग मिळवणाऱ्यांनाच मताचा अधिकार मिळतो आणि बंदीसाठी साध्या बहुमतापेक्षा अधिक मते लागतात. बंदी आलेला पोकेमॉन हद्दपार होत नाही, वरच्या गटात खेळतो. २०१४मध्ये मेगा रेक्वाझा त्या सर्वोच्च गटालाही जड झाला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळा, सगळे काही चालणारा गट काढण्यात आला.

यातून ‘स्मॅश’च्या आयोजकांना चार गोष्टी घेता येतील. एक, कशामुळे बंदी येईल ते आधी लिहून जाहीर करायचे : मोठ्या स्पर्धांच्या अंतिम टप्प्यात एकाच पात्राचे किती खेळाडू आले तर विचार होईल, हा आकडा वाद पेटण्यापूर्वी ठरायला हवा. दोन, मत देणाऱ्याने त्या पात्राविरुद्ध खेळलेले असले पाहिजे. नुसते व्हिडीओ पाहून तयार झालेला राग पुरेसा नाही. तीन, निर्णय कुठलाही असो, तो पूर्ण हंगामासाठी आणि एका प्रदेशातील सर्व स्पर्धांना समान असावा. चार, बंदी आलीच तर मेटा नाइटच्या वेळी दिली तशी काही महिन्यांची पूर्वसूचना द्यावी आणि फेरविचाराची तारीख त्याच दिवशी सांगावी.

हे सगळे नको म्हणून काहीच न ठरवणे, हाही निर्णयच असतो. फक्त त्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

भारतातील वाचकाचा याच्याशी संबंध काय?

भारतात ‘स्मॅश’चा गट लहान आहे, पण प्रश्न ओळखीचा आहे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या गेमपासून ई-स्पोर्ट्स वेगळे काढले. आधीच निश्चित केलेल्या नियमांनुसार होणारी संघटित स्पर्धा, हा त्यातील व्याख्येचा एक भाग आहे. कॉलेजच्या महोत्सवातील स्पर्धेतही ‘हे पात्र चालणार नाही’ असे ऐनवेळी माइकवरून सांगितले जाते, तेव्हा नेमकी हीच अट मोडलेली असते.

क्रिकेटने हा धडा १९८१मध्ये घेतला. १ फेब्रुवारीला मेलबर्नमध्ये न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. कर्णधार ग्रेग चॅपेलच्या सांगण्यावरून ट्रेव्हर चॅपेलने चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला. तेव्हाच्या नियमांत ते बसत होते. जगभर छी-थू झाली, पण सामन्याचा निकाल बदलला गेला नाही. बदलला तो पुढच्या सामन्यांचा नियम.

स्टीव्हच्या बाबतीतही क्रम हाच असायला हवा. आज जो तो पात्र घेऊन नियमात राहून जिंकतो, त्याच्या विजयावर हुर्यो उडवण्याचे कारण नाही. उद्याचा नियम बदलायचा असेल तर तो पुराव्यावर, उघडपणे आणि सर्वांसाठी एकाच वेळी बदलावा. तोवर स्टीव्हला खणू द्यावे आणि बाकीच्यांनी त्याला टेबलापासून दूर कसे ठेवायचे, याचा सराव करावा.